रीफ टँकमध्ये गोड्या पाण्यातली मॉली जगेल का?

तुमचा प्रश्न असा, की 200 लिटरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरलवाल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, शेवाळ खायला मॉली मासे सोडले तर चालतील का, आणि दुकानदार म्हणतोय की मोनो आणि स्कॅट हे मासे पण घ्या, तेही गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यात जगतात.

मॉली चालेल, बिनधास्त घ्या. बाकीच्या दोघांच्या नादी लागू नका. मोठा मोनो खाऱ्या पाण्यात मजेत राहतो हे खरं, पण तो थव्यात राहणारा मासा आणि वाढतो 25 सेंटीमीटरपर्यंत, ठेवणार कुठे? स्कॅट तर त्याहून मोठा, खादाड, शेवाळ संपलं की कोरलकडे वळणार, वर त्याचे काटे विषारी, जाळीतून काढताना टोचला की हात ठणकत बसतो. हिरवा ठिपकेवाला पफर कोणी गळ्यात मारत असेल तर तोही नको, श्रिंप आणि गोगलगायींचा फडशा पाडेल.

आता मॉलीचं. गोड्या पाण्यात माशाच्या अंगात पाणी आपोआप शिरत असतं, ते तो पातळ लघवीवाटे बाहेर टाकतो. समुद्रात बरोबर उलटं, अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, मग समुद्राचंच पाणी पिऊन जादाचं मीठ कल्ल्यांतून काढावं लागतं. मॉलीला दोन्ही जमतं, फक्त कल्ल्यांतल्या पेशी बदलायला वेळ लागतो, त्यामुळे घाई करायची नाही. पिशवीतलं पाणी बादलीत ओतू नका, त्यात अमोनिया साठलेला असतो आणि टँकचं 8.2 पीएचचं पाणी त्यात पडलं की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. बादलीत क्लोरीन काढलेलं, पिशवीतल्याच तापमानाचं गोडं पाणी, त्यात मासा, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू, आणि टँकमधून एअरलाइनची (हवेच्या पंपाची बारीक) नळी सोडून तिला सैलसर गाठ मारायची, म्हणजे थेंब थेंब पडेल. सहा-आठ तास तरी लावा, दोन दिवस लावलेत तर अजून छान. बादली भरत आली की थोडं पाणी फेकायचं, आणि बादलीतली ग्रॅव्हिटी (पाणी किती खारं ते सांगणारा आकडा) टँकएवढी, म्हणजे 1.025 च्या आसपास आली की मासा जाळीने उचलून टँकमध्ये. मधेच मॉली पंख मिटून जागच्या जागी थरथरायला लागली तर नळी बंद करा, सावरली की परत चालू. ग्रॅव्हिटी रिफ्रॅक्टोमीटरनेच मोजा, काट्याच्या हायड्रोमीटरला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो.

बलून मॉली नको, पोहायलाच कच्ची, वेव्हमेकरपुढे (टँकमध्ये लाटा काढणाऱ्या पंपापुढे) टिकत नाही. साधी, लहान, काळी घ्या, तिच्या अंगावर पांढरे ठिपके पण लगेच दिसतात, म्हणजे टँकमध्ये इच (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग) आहे का तेही कळतं. दगडावरचं केसाळ शेवाळ ती दिवसभर टोचून टोचून खाते, पण ब्रायोप्सिस (पिसासारखं चिवट शेवाळ) किंवा लाल सायनो (जिवाणूंचा लाल चिकट थर) ती साफ करेल या भरवशावर राहू नका, त्याला पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट खाली आणावं लागतं. एखादी झोअँथिडला (बटणासारख्या मऊ कोरलला) टोचते, तशी दिसली तर काढा. आणि वर जाळी लावाच, मॉली उड्या मारते.