संज्ञांची यादी आणि सांगलीची जमीन

प्रश्न : माझा मुलगा बारावी विज्ञान शाखेत असून त्याला आर्किटेक्चरला जायचे आहे. सेटबॅक, एफएसआय, काँटूर, फिगर-ग्राउंड अशा संज्ञांची मोठी यादी त्याने वहीत उतरवली आहे आणि रोज तो ती पाठ करतो. प्रवेशासाठी याचा उपयोग होईल का? साइट प्लॅनिंग आणि अर्बन डिझाइन हे वेगळे अभ्यासक्रम आहेत का? – एक पालक, सांगली

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. एका इमारतीची रचना म्हणजे वास्तुरचना. ती इमारत भूखंडावर नेमकी कोठे बसवावी, गाडी कोठून आत यावी, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने निघून जावे आणि कोणते झाड राखावे, हे ठरवणे म्हणजे साइट प्लॅनिंग. पदवीसाठी ते वेगळे शिकावे लागत नाही, बी.आर्क.च्या पाच वर्षांतच ते येते. अनेक मालकांच्या अनेक इमारती मिळून जो रस्ता, चौक किंवा मैदान घडते त्याचा विचार अर्बन डिझाइनमध्ये होतो आणि त्याचे शिक्षण सहसा बी.आर्क.नंतर दोन वर्षांच्या एम.आर्क.मध्ये घेतले जाते. संपूर्ण शहराची जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारे नगरनियोजन मात्र बारावीनंतर थेट शिकता येते, बी.प्लॅनिंग ही त्याची चार वर्षांची पदवी आहे.

आता यादीविषयी. पाठांतराला माझा विरोध नाही, परंतु या संज्ञा एकेकट्या लक्षात ठेवण्याच्या नाहीत, कारण त्यांतील बहुतेक एकमेकींवर अवलंबून असतात आणि प्रत्येकीमागे जमिनीविषयीचा एखादा निर्णय असतो. चिरंजीवांना सांगलीच्या जुन्या गावभागाचा एक तुकडा आणि नव्या विश्रामबागेतील तेवढाच तुकडा एकाच प्रमाणात कागदावर काढायला सांगा. इमारती काळ्या रंगवायच्या आणि बाकी सारे पांढरे सोडायचे. यालाच फिगर-ग्राउंड नकाशा म्हणतात. जुन्या वस्तीत काळा रंग सलग पसरलेला आणि रस्ता त्यातून कोरून काढल्यासारखा दिसेल. नव्या वस्तीत काळे ठिपके सुटे सुटे आणि पांढरे सगळीकडे दिसेल. हा फरक कशामुळे पडला, असा प्रश्न त्याला पडला की सेटबॅक, म्हणजेच सामासिक अंतर, आपोआप कळते: भूखंडाच्या हद्दीपासून चारही बाजूंना ठरावीक अंतर सोडण्याचा नियम आला आणि भिंतीला भिंत लावून उभी राहणारी घरे एकमेकांपासून दूर झाली. जाम्बात्तिस्ता नोल्ली यांनी 1748 मध्ये रोमचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यात चर्चचा अंतर्भागही रस्त्यांप्रमाणे पांढराच ठेवला होता, कारण तेथेही कोणालाही जाता येत असे. तुमच्या मुलाने देवळांचे सभामंडप तसेच पांढरे सोडून पाहावेत. गावभागाचा नकाशा पुष्कळ बदलेल.

एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, हाही निव्वळ गुणाकार नव्हे. समजा, 500 चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक 1.1 आहे. म्हणजे सगळे मजले मिळून 550 चौरस मीटर बांधता येईल. हेच क्षेत्र 275 चौरस मीटरच्या दोन मजल्यांत बसवले तर निम्म्याहून अधिक जमीन इमारतीखाली जाते, आणि 110 चौरस मीटरच्या पाच मजल्यांत बसवले तर अंगण उरते, पण शेजाऱ्याच्या खिडकीवर सावली पडते. आकडा एकच असला तरी शेजार वेगळा होतो, आणि यांतील कोणता पर्याय का निवडला हे सांगता येणे, हेच या विद्याशाखेचे खरे शिक्षण आहे, असे मी मानते.

काँटूर, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा, त्याने भूगोलात पाहिल्या असतील. एक मीटर उंचीच्या फरकाने काढलेल्या दोन रेषांमध्ये जमिनीवर दहा मीटर अंतर असेल, तर उतार दहास एक झाला. चाकाच्या खुर्चीसाठीचा रॅम्प मात्र बारास एकपेक्षा तीव्र असू नये, असा दंडक आहे. म्हणजे अशा जमिनीवर वाट उताराला तिरपी न्यावी लागते. घराचे जोते 45 सेंटिमीटर उंच असेल, तर तेवढे चढायला 5.4 मीटर लांबीचा रॅम्प लागतो. हे आकडे त्याने टेप घेऊन स्वतःच्या दारापुढे आखून पाहावेत.

सांगलीकरांसाठी यादीत एक संज्ञा मी आग्रहाने सर्वांत वर ठेवीन, ती म्हणजे पूररेषा. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची रेषा निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांमध्ये बांधकाम निषिद्ध, तर निळ्या आणि लाल रेषेमध्ये ते अटींसह. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी ज्यांच्या घरात आले, त्यांना साइट प्लॅनिंगचे महत्त्व वेगळे सांगायला नको. त्या वर्षीच्या पाण्याची खूण एखाद्या भिंतीवर अजून असेल, तर तिची जोत्यापासूनची उंची मोजून वहीत लिहावी, आणि त्या घराचा तळमजला कशासाठी वापरावा याचे उत्तर शोधावे.

प्रवेशासाठी नाटा ही परीक्षा काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर घेते, आणि एनआयटी तसेच दिल्ली, भोपाळ व विजयवाड्याच्या एसपीएसाठी (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) जेईई मेनचा दुसरा पेपर द्यावा लागतो. चित्रकला, आकार आणि अवकाशाची जाण हा या परीक्षांचा गाभा असल्याने रोजच्या पाठांतराचा वेळ त्याने रेखाटनाला द्यावा, गणित मात्र सोडू नये. महाविद्यालय निवडताना ते काउन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी तपासा. 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार काउन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून व्यवसाय करता येत नाही, आणि त्या नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवीच लागते.