मतदारांच्या हाती न्यायाधीशाचे पद

प्रश्न : कॅलिफोर्नियात २०१८ साली मतदारांनी एका न्यायाधीशाला पदावरून दूर केल्याचे वाचनात आले. तेथील राज्याच्या खालच्या न्यायालयातील न्यायाधीशाची कारकीर्द कशी घडते? निवृत्तीनंतर त्यांना सार्वजनिक जीवनात उतरता येते का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतो आणि उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली पायरीपायरीने वर जातो; मतदाराचा त्याच्याशी काडीचाही संबंध येत नाही. कॅलिफोर्नियात अशी परीक्षा नाही. रिकाम्या जागी गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, अनुभवी वकिलाची नेमणूक करतात आणि पुढे सहा वर्षांच्या मुदतींसाठी निवडणूक असते. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. विद्यमान न्यायाधीशाविरुद्ध कोणी अर्जच भरला नाही, तर त्याचे नाव सहसा मतपत्रिकेवर छापलेही जात नाही, त्यामुळे अनेकांची कारकीर्द मतदारांच्या नजरेस न पडताच पार पडते.

लाडोरिस कॉर्डेल यांचे उदाहरण पाहावे. स्टॅनफर्डमधून १९७४ साली कायद्याची पदवी घेऊन त्यांनी ईस्ट पालो आल्टो या प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीच्या गावात वकिली सुरू केली. १९८२ साली गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी त्यांना सांता क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) म्युनिसिपल न्यायालयात, म्हणजे किरकोळ खटल्यांच्या न्यायालयात, नेमले, तेव्हा उत्तर कॅलिफोर्नियातील त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश ठरल्या. १९८८ साली त्या गंभीर खटले चालवणाऱ्या सुपीरियर न्यायालयावर निवडून आल्या आणि २००१ साली निवृत्त झाल्या.

आपण वाचलेली घटना याच काउंटीतली आहे. न्यायाधीश ॲरन पर्स्की यांनी २०१६ साली लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ब्रॉक टर्नर या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांची कैद सुनावली. सरकारी पक्षाने सहा वर्षे मागितली होती, त्यामुळे लोकांचा संताप अनावर झाला, आणि पीडित तरुणीचे निवेदन वाचलेल्या कोणालाही तो संताप समजेल. मात्र शिक्षेबाबत न्यायालयाला अहवाल देणाऱ्या प्रोबेशन विभागाची शिफारसही काउंटीच्या तुरुंगातील मर्यादित कैदेचीच होती, आणि न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या राज्य आयोगाला पर्स्की यांच्याकडून गैरवर्तन झाल्याचे आढळले नाही. तरीही जून २०१८ मध्ये ६० टक्क्यांहून अधिक मतांनी त्यांना पदावरून दूर करण्यात आले; मुदत संपण्याआधीच मतदानाने हटवण्याच्या या पद्धतीला ‘रिकॉल’ म्हणतात. कॅलिफोर्नियात १९३२ नंतर असे प्रथमच घडत होते.

टर्नरचे अपील प्रलंबित असल्याने पर्स्की यांना स्वतःच्या निकालावर जाहीरपणे बोलता येत नव्हते. त्या वेळी कॉर्डेल पर्स्की यांना हटवण्याच्या मोहिमेविरुद्ध उघडपणे उभ्या राहिल्या. एका निकालावरून पद जाऊ लागले, तर इतर न्यायाधीश धास्तीने अधिक कठोर शिक्षा देतील आणि त्याची झळ गरीब व कृष्णवर्णीय आरोपींना बसेल, असा त्यांचा मुद्दा होता. आम्हाला तो पटतो. चुकीची शिक्षा अपिलात तपासता येते, कायदाही बदलता येतो, आणि या खटल्यानंतर विधिमंडळाने तो बदललाही. परंतु मतांच्या भीतीने वाढवलेली शिक्षा कोणत्याही नोंदीत तशी दिसत नाही.

निवृत्तीनंतर सार्वजनिक जीवनाची वाट मोकळी असते. कॉर्डेल पालो आल्टोच्या नगर परिषदेवर निवडून गेल्या आणि २०१० ते २०१५ या काळात सॅन होजे शहराच्या स्वतंत्र पोलीस लेखापरीक्षक होत्या. पोलिसांविरुद्ध नागरिकांनी केलेल्या तक्रारींची चौकशी नीट झाली की नाही, हे तपासणे हे त्या पदाचे काम आहे.