पहिल्यांदा मधमाश्यांची पेटी ठेवताय ना, मग डंखाचं आधी ऐका

भाऊ, तू विचारलं की माशी चावली तर तुझा हात कोपरापर्यंत सुजला अन् तुझ्या काकाला साधा डागही कसा नाही आला, तर यात नवल काही नाही बाप्पा. सारखे डंख खाणाऱ्याचं अंग हळूहळू सरावतं, नवख्याचं जास्त फुगतं. पण सगळेच सरावतात असं नाही, काहींना वर्षानुवर्षं काही होत नाही अन् मग एक दिवस अंगावर पित्त उठतं, म्हणून "मला सवय आहे" हे कोणी म्हटलं तर नुसती मान डोलव.

डंख लागला की काटा लगेच नखानं खरवडून काढ, कसा काढतो यापेक्षा किती लवकर काढतो ते महत्त्वाचं, कारण विषाची पिशवी तुटून आली तरी विष सोडतच राहते. मग साबण-पाणी, बर्फ. चुना-हळद चोपडत बसू नको. सूज दुसऱ्या दिवशी वाढते, आठवडाभर राहू शकते, खाजते, ठीक आहे.

पण हे झालं तर थांबायचं नाही:
- डंखापासून दूर, अंगभर गांधी
- ओठ, जीभ, घसा सुजणं, दम लागणं
- चक्कर, उलट्या

108 लाव, तिथं अॅड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं, अॅव्हिलच्या (अॅलर्जीच्या) गोळीवर वाट पाहू नको.

नवखे चुकतात कुठं, तर एकटेच वावरात पेटी उघडतात, तेही मोबाईलला रेंज नसते तिथं. जाळी घाल, धूर दे. अन् केळ खाऊन पेटीजवळ जाऊ नको, माशी बाकीच्यांना धोका कळवायला जो वास सोडते, त्यात केळासारखाच वास असतो! आग्या मोहोळाचं सध्या नावच काढू नको.