शुक्रावर ऑक्सिजन सापडला, मग तिथे श्वास घेता येईल का?

प्रश्न : आठवीतल्या नातीने बातमी वाचली आणि विचारलं, "आजी, शुक्रावर ऑक्सिजन सापडला, मग तिथे राहता येईल का गं?" मे 2024 मध्ये लडाखमध्ये हानलेला आकाश लाल झालं, तेही ऑक्सिजनमुळेच, असं ती म्हणते. खरं काय? — एक आजी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, लाल आकाशाचं नातीने अगदी बरोबर सांगितलं. राहायचं मात्र जमणार नाही. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना धरून असतात. शुक्राची हवा जवळपास सगळीच कार्बन डायऑक्साइडची. सूर्याचे अतिनील किरण तिचे रेणू फोडतात आणि ऑक्सिजनचा एकटा अणू सुटतो. 2023 साली जाहीर झालेला शोध याच अणूचा, तोही शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेतला. हा अणू भारी खादाड असतो. पृथ्वीभोवती 400 किलोमीटरवर फिरणाऱ्या अंतराळ स्थानकाचं उघडं प्लास्टिक तो कुरतडतो, म्हणून त्यावर संरक्षक थर द्यावा लागतो.

आता लाल रंग. यावर मी वर्गात तास संपला तरी बोलत राहायचो. सूर्याकडून विद्युतभारित कणांचं वादळ आलं की पृथ्वीच्या वरच्या हवेतल्या या अणूला धक्का बसून ऊर्जा मिळते. हिरवा उजेड तो सेकंदाच्या आत टाकतो, लाल टाकायला सरासरी 110 सेकंद घेतो. खालच्या दाट हवेत तेवढ्यात कुणीतरी त्याला धडकतं आणि ऊर्जा हिरावून नेतं. म्हणून लाल फक्त उंचावर, 200 किलोमीटरच्या वर. नागपूरहून रामटेकला जाताना गावाआधी गडावरचं देऊळ दिसतं ना? तसंच हानलेहून. दूर उत्तरेकडच्या त्या प्रकाशाचा, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचा, खालचा हिरवा भाग क्षितिजाआड गेला, उंचावरचा लाल तेवढा दिसला.

हा हिरवा उजेड लोलकातून पाहिला की एकच हिरवी रेघ दिसते. त्या हिरव्या रेषेने शास्त्रज्ञांना फार दमवलं. स्वीडनचे शास्त्रज्ञ ऑंगस्ट्रॉम यांनी तिची तरंगलांबी 1868 साली मोजली. ती ऑक्सिजनची आहे हे टोरांटोच्या प्रयोगशाळेत कळायला 1925 उजाडलं. मंगळावर दिवसाही ती चमकते, हे 2020 साली कळलं.

प्रयोगशाळेत मी निऑनची नळी पेटवून पोरांच्या हातात लोलक द्यायचो. सुट्या रंगीत रेघा दिसल्या की रांग मोडून सगळी पुढे यायची. नातीला जुनी सीडी द्या. आधी ट्यूबलाइट, मग जुना पिवळा बल्ब तिच्यात तिरका पाहू दे. दोन्हीत काय फरक दिसला, ते तिने मला स्वतःच्या हाताने लिहून कळवावं.