वाचकांचे प्रश्न : जुनं स्टेडियम पाडायचं की जपायचं?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला शिकते. परवा व्हिडिओ कॉलवर तिने युनिव्हर्सिटीचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम दाखवलं आणि सांगितलं की याच्या खालून भूकंपाची फॉल्ट, म्हणजे जमिनीच्या पोटातली भेग, जाते. मग एवढा पैसा घालून जुनंच का दुरुस्त केलं, दुसरीकडे नवीन का नाही बांधलं? आणि शंभर वर्षांचं काँक्रीट टिकतं तरी का हो?
– एक आई

उत्तर : ताई, मुलगी बरोबर सांगतेय. हेवर्ड फॉल्ट त्या मैदानाखालून जवळजवळ एका गोलपोस्टकडून दुसऱ्या गोलपोस्टकडे जाते, आणि ती नुसती झोपलेली नाहीये, दरवर्षी काही मिलिमीटर सरकत असते, त्यामुळे जुन्या भिंतीचे जोड हळूहळू उघडत गेले होते आणि ते डोळ्यांनी दिसायचं. तिच्यावरचा शेवटचा मोठा भूकंप 1868 चा, म्हणजे काळजी खरीच होती.

पण पाडायचं म्हटलं तर पाडायचं काय? ते 1923 चं स्टेडियम पहिल्या महायुद्धात गेलेल्या कॅलिफोर्नियाच्या लोकांचं स्मारक आहे, म्हणून तर नावातच मेमोरियल आहे. जॉन गॅलन हॉवर्ड या आर्किटेक्टचं काम, 2006 पासून देशाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत. स्मारक उचलून दुसरीकडे नेता येत नाही ना.

मग त्यांनी काय केलं तर बाहेरची जुनी भिंत ठेवली, मजबूत केली, आणि आत पश्चिमेकडची बसायची जागा पाडून नव्याने बांधली, तीही भिंतीपासून वेगळी, म्हणजे हादरा बसला तर एकीचा भार दुसरीवर येऊ नये. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फॉल्ट जिथे स्टेडियमच्या कडेला छेदते तिथले भाग वेगळे ब्लॉक म्हणून वाळू आणि प्लास्टिकच्या थरांवर बसवलेत. जमीन सरकली की ते आपापले सरकतील, बाजूचं बांधकाम ओढून फाडणार नाहीत. जमिनीशी भांडायचंच नाही, तिला सरकायला जागा द्यायची, हा विचार मला फार मोठा वाटतो. 2012 मध्ये परत मॅचेस सुरू झाल्या, त्याआधीचा सीझन टीम सॅन फ्रान्सिस्कोला बेसबॉलच्या मैदानावर खेळली. खर्च मात्र सुमारे 32 कोटी डॉलर, आणि त्या कर्जाचं ओझं युनिव्हर्सिटीला जड गेलं. तुमच्या प्रश्नातली पैशाची शंका अगदी रास्त आहे.

आता काँक्रीट. टिकतं, पण त्याला पाण्यापासून वाचवावं लागतं. हार्वर्डचं स्टेडियम 1903 चं, एवढ्या मोठ्या प्रमाणावर सळईचं काँक्रीट वापरणाऱ्या पहिल्या बांधकामांपैकी एक, आणि आजही तिथे खेळतात. चिरेतून पाणी आत गेलं की सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचा थर फुटून निघतो, त्यात थंड प्रदेशात चिरेतलं पाणी गोठून भेग आणखी मोठी करतं. म्हणून रंगरंगोटीआधी पाण्याचा निचरा आणि जोड बघायचे, मग हातोडी मारून पोकळ आवाज कुठे येतो ते शोधायचं, तेवढंच खरवडून सळई साफ करून जुन्याशी जुळणारं मटेरियल भरायचं. नुसतं वरून प्लास्टर मारलं तर आत गंज चालूच राहतो, हे मी कळकळीने सांगते कारण हीच चूक सगळ्यात जास्त होते.

आणि जपणं म्हणजे फक्त बाहेरचे खांब ठेवणं नाही. शिकागोच्या सोल्जर फील्ड या जुन्या स्टेडियमचे खांब ठेवून आत नवंकोरं स्टेडियम उभं केलं, आणि 2006 मध्ये त्याचा राष्ट्रीय वारशाचा दर्जा काढून घेतला गेला. बर्कलीत निदान 1923 ची भिंत आजही भिंतीचंच काम करते. पुढच्या वेळी मुलीला त्या भिंतीचे जोड जवळून दाखवायला सांगा.