तुझ्यानंतर तो वर्ग कोण घेणार?

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची आहे. इंग्रजी साहित्यात एम.ए. केलंय. परदेशातल्या एका शाळेत तीन आठवडे इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक म्हणून जायची संधी आली आहे. संस्था त्यासाठी फी घेते. अनुभव नसला तरी चालेल, पर्यटक व्हिसा पुरेल, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजी माझी मातृभाषा नाही, उच्चार तिकडच्यांसारखे नाहीत, याचीच धास्ती वाटते. जाऊ का?

उत्तर : धास्ती घेतलीस, पण भलत्याच गोष्टीची. उच्चारांचं राहू दे बाजूला.

मी थायलंडमधल्या एका खेड्यातल्या शाळेत वर्षभर शिकवलं. पहिल्या दिवशी फळाभर भूतकाळ लिहिला आणि विचारलं, "डू यू अंडरस्टँड?" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "यस टीचर!" मी खूश. दुसऱ्या दिवशी वह्या उघडल्या तर पानोपानी 'यस्टरडे आय गो'. तिथल्या इंग्रजीच्या बाई मागच्या बाकावर बसून हे सगळं बघत होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, थाई भाषेत काळानुसार क्रियापदाचं रूप बदलतच नाही. 'काल' म्हटलं की झालं. आणखी रूप कशाला बदलायचं, असं मुलांना वाटतं. आणि शब्दाच्या शेवटचा 'स' त्यांच्या तोंडी 'त'कडे झुकतो, म्हणून 'बस'चं 'बत' होतं. अनेकवचनाचा 'एस' गळतो तो केवळ निष्काळजीपणानं नव्हे.

त्यानंतर 'समजलं का' विचारणं मी सोडलंच. "हे काल झालं की उद्या होणार?" असं विचारायचे. उत्तरात लगेच खरं काय ते कळायचं.

तुझी जमेची बाजू इथंच आहे. मराठीत 'ए', 'ॲन', 'द' नाहीत. ते कुठं घालायचे आणि कुठं नाही, हे आपण चुका करत करत शिकलो. ज्याला ते जन्मतःच येतं, त्याला शिकणारा कुठं अडतो ते चटकन दिसत नाही.

पण साहित्यातली एम.ए. म्हणजे शिकवता येणं नव्हे. इंग्रजी कसं शिकवायचं याचं प्रमाणपत्र देणाऱ्या सेल्टासारख्या अभ्यासक्रमात किमान १२० तासांचं प्रशिक्षण असतं. त्यातले सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढं उभं राहून शिकवायचं आणि प्रशिक्षक मागं बसून टिपणं घेतात. घाम फुटतो, पण तो इथं फुटलेला बरा. तेवढं जमत नसेल तर निदान काही महिने कुठंतरी नियमित वर्ग घे.

आता ते तीन आठवडे. माझ्या आधी त्या शाळेत असेच थोड्या दिवसांचे पाहुणे येऊन गेले होते. 'व्हॉट इज युवर नेम?' मुलं इतकी झोकात म्हणायची की मी थक्क झाले. त्याच्यापुढं मात्र सगळं कोरं! प्रत्येक नवा माणूस रंग आणि प्राण्यांपासून सुरुवात करायचा आणि निरोपाचा फोटो काढून जायचा. अमेरिकेची पीस कोअर १९६१ पासून स्वयंसेवक पाठवते. ती फक्त त्यांच्या नागरिकांसाठी, त्यामुळे तुझ्या उपयोगाची नाही. पण तिची नेहमीची मुदत बघ : प्रशिक्षण धरून २७ महिने.

म्हणून संस्थेला लेखी विचार : आधीच्या माणसानं कुठपर्यंत शिकवलं, त्याची नोंद आहे का? वर्गात स्थानिक शिक्षक असतील का? तू गेल्यावर तो वर्ग कोण घेणार? फी घेतात म्हणून लगेच नाक मुरडू नकोस, राहण्याजेवणाचा खर्च असतोच. मात्र तिचा हिशेब माग, आणि शाळेच्या वाट्याला त्यातलं काय येतं तेही विचार.

पर्यटक व्हिसाचं ऐकून मी सावध झाले. थायलंडमध्ये बिनपगारी शिकवायलाही योग्य व्हिसा आणि कामाचा परवाना लागतो. इतरही अनेक देशांत स्वयंसेवा म्हणजे कामच मानतात. संस्थेच्या शब्दावर जाऊ नकोस. त्या देशाच्या वकिलातीकडून स्वतः खात्री करून घे. आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला त्यांनी मागितला का? तुझा मागत नसतील तर कुणाचाच मागत नसणार, आणि समोर लहान मुलं आहेत.

अनाथालयात शिकवायचं असेल तर सरळ नाही म्हण. कंबोडियात अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं आहे. पाहुण्यांच्या पैशांमुळंच मुलं घराबाहेर राहतात, हा वाद उगाच उठलेला नाही.

एवढं विचारून समाधानकारक उत्तरं मिळाली तर खुशाल जा, फक्त मुदत वाढवून माग. आणि तिथं पोचल्यावर पहिला आठवडा मागच्या बाकावर बस.

प्रश्न : पुढच्या महिन्यात शिकवायला निघतोय. वर्गासाठी काय नेऊ?

उत्तर : दोरी आणि कपड्यांचे चिमटे. चित्रं, शब्दपट्ट्या, मुलांची वाक्यं, सगळं टांगता येतं आणि क्रमही बदलता येतो. जाड पुस्तकं नेऊ नका, शाळेत जे पुस्तक चालतं तेच वापरा. भेटवस्तू तर नकोच. मी एकदा पेन वाटले होते, दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी वीस हात पुढं!