सुरगाण्याहून नाशिकला येणारे नमुने

मशीनचं नंतर बघ, आधी ट्यूब सांभाळ. सुरगाणा-पेठहून रक्ताचे नमुने नाशिकच्या लॅबला पोहोचेपर्यंत रक्तपेशी ग्लुकोज खात राहतात: साध्या ट्यूबमध्ये, खोलीच्या तापमानाला, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. एप्रिल-मेच्या उन्हात त्याहूनही जास्त.

म्हणून राखाडी झाकणाची फ्लोराइड ट्यूब. पण तिच्यावरही आंधळा विश्वास नको. फ्लोराइड एनोलेज अडवतं, आणि ते ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशींनी ग्लुकोज पायरीपायरीने फोडण्याच्या, शेवटाकडचं एन्झाइम. आधीच्या पायऱ्या चालूच असतात, त्यामुळे पहिल्या तास-दोन तासांत ग्लुकोज घटतंच. संशोधनासाठी पक्का आकडा हवा तर रक्त काढताच ट्यूब बर्फाच्या पाण्यात ठेव आणि 30 मिनिटांत तिथेच, आरोग्य केंद्रावर, सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) प्लाझ्मा, म्हणजे पेशींशिवायचा द्रव, वेगळा कर.

पोटॅशियमचं नेमकं उलटं. अख्खं रक्त बर्फात ठेवलंस तर पेशींचे पंप मंदावतात आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. लाल झाकणाची ट्यूब 30 मिनिटं उभी ठेवून गोठू दे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरव, सीरम (गोठल्यावर वर उरणारा द्रव) काढ, मगच थंड डब्यात. आणि लाल ट्यूब जांभळ्या झाकणाच्या ट्यूबच्या आधीच भर; जांभळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं. लाल ट्यूबमध्ये ईडीटीएचा अंश गेला तरी पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं घटतं.

सीरम गुलाबी दिसलं की हिमोलिसिसची (लाल पेशी फुटल्याची) नोंद कर. एलडीएच, एएसटी या एन्झाइमच्या चाचण्या त्या नमुन्यावर लावूच नकोस.

उरलेलं सीरम 0.5 मिलीच्या वायलमध्ये (छोट्या बाटल्यांत) भागून उणे 80 अंशांवर ठेव. वितळल्यावर वर पातळ, तळाशी दाट थर राहतो. आठ-दहा वेळा हळू उलटंसुलटं केल्याशिवाय पिपेट बुडवू नकोस.